अकोल्याचं अमरावतीत

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बडनेऱ्याच्या एका बाईशी नऊवारीच्या भाड्यावरून हुज्जत घालत होते. तिच्या पोरीचं शाळेत स्नेहसंमेलन होतं. ती म्हणत होती, एका नाचासाठी एवढे कोण देतं. मी म्हणत होते, मग पोरीला फ्रॉकवर नाचवा. तेवढ्यात नसीमचा फोन आला. नसीम अकोल्याची, उर्दू शाळेत शिकवते आणि सुमनताईंच्या जवळजवळ सगळ्या नाटकांत तिनं काम केलं आहे. “कमलताई, बसल्या आहात ना?” तिनं विचारलं. “धंद्याच्या वेळी मी बसत नसते, बोल,” मी म्हटलं. “सुमनताई गेल्या... दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत.” मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि त्या बाईला सांगितलं, “शेवटचा भाव सांगितला. पटला तर न्या.” ती गप्प झाली. माझ्या दुकानात गिऱ्हाईक असं गप्प झालं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर सुमनताई असल्या, की त्या हमखास हळूच म्हणायच्या, “अहो, थोडं कमी करा म्हणा की त्यांना.” आयुष्यभर विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलेलं. कोणी अडखळलं की पुढचा शब्द यांच्या ओठांवर तयार, मग ते माझं गिऱ्हाईक का असेना. मी किती वेळा ओरडले असेन त्यांच्यावर. त्या दिवशी ती बाई गप्प झाली आणि मी स्टुलाकडे पाहिलं. तिकडून काही आलं नाही. बाई माझ्याच भावात नऊवारी घेऊन गेली... आणि जिंकलेला सौदा हरल्यासारखी मी तिथंच उभी राहिले.

सुमनताईंच्या नाट्यसेवेबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी सातवीनंतर शाळेत गेले नाही. मला इथं लिहायचं आहे ते आमचं भांडण, कारण ते अर्धवट राहिलं आणि अर्धवट सौदा मला झोपू देत नाही.

माझी आई बोहारीण होती. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. अकोल्याच्या गल्ल्यांतून आणि आसपासच्या खेड्यांतून ती फिरायची. तिच्यानंतर मी फिरले. लोकांना वाटतं या धंद्यात बोलता आलं म्हणजे झालं. बोलता तर यावंच लागतं, पण त्याहून गप्प राहता आलं पाहिजे. कपडा कोणत्या घरातून आला हे दुसऱ्या घरी कधी सांगायचं नाही. आईचा दुसरा नियम होता तो गाठोड्यांचा. अकोल्याचं अमरावतीत विकायचं, अमरावतीचं अकोल्यात. दिलेलं कापड देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुन्हा येता कामा नये. ती म्हणायची, “माणूस भांडं पाहून लुगडं विसरते. पन लुगडं पायलं का त्याले समदं आठवते.” म्हणून अकोल्याकडचं गाठोडं आम्ही सुतळीनं बांधायचो आणि अमरावतीकडचं चिंधीनं. मिसळ होऊ द्यायची नाही.

सुमनताई मला भेटल्या त्या अमरावतीच्या बाजारात, जुन्या पातळांच्या ढिगाऱ्यापाशी. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं, भावाच्या घराच्या मागच्या खोलीत राहायच्या. त्यांनी ढिगातून पाच पातळं काढली आणि मी सांगितलेला भाव देऊ केला. मला राग आला. मी म्हटलं, “बाई, भाव करा. असं कोणी घेत असते का?” त्या म्हणाल्या, “मला येत नाही.” “मग शिका.” “तुम्ही शिकवा.” पुढं इतक्या वर्षांत त्यांना ते आलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांच्या नाटकांची सगळी पातळं माझ्याकडून गेली. नवी साडी त्यांना स्टेजवर चालत नसे. म्हणायच्या, “वापरलेलं पातळ अंगावर आलं की नटी आपोआप नीट बसते, नीट उठते. मला सांगावं लागत नाही.”

त्यांची नाटकं कशी असायची हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना थोडं सांगते. शाळेच्या एका वर्गात दर रविवारी दुपारी बाया जमायच्या. नर्स, शिक्षिका, शिवणकाम करणारी, एखादी नुसती घरी असणारी. सुमनताई त्यांना नाटक लिहायला बसवायच्या. त्यांची एकच अट असायची, नाटकात पुरुष वाईट असला तरी चालेल पण बाई नुसती चांगली असून चालणार नाही. आणि त्या नव्या नाटकांचे खेळ व्हायचे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. घरोघरी बाया वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटतात, यांच्याकडे वाण म्हणजे नवं नाटक. खेळ दुपारी, कारण रात्री बाईला कोण सोडतं? बोलावणं सगळ्यांना, विधवांना आधी. पहिल्या वर्षी कपाळ रिकामं असलेल्या बाया दारातच घुटमळत होत्या, तर सुमनताई खाली उतरून एकेकीच्या हाताला धरून त्यांना पुढच्या रांगेत बसवत होत्या. मी दारात उभी राहून बघत होते. मनात म्हटलं, या बाईला भाव करता येत नाही, पण ही काही साधी नाही.

ती वर्षं आमच्या भागात वाईट होती. गावात गाड्या भरून लोक यायचे, कोण मेला, सातबारा कोणाच्या नावावर, हे विचारायचे आणि लिहून न्यायचे. पुरुष गेला की घराचं नाव पेपरात यायचं. बाई गेली की तिच्या नावावर जमीन नसायची, म्हणून ती शेतकरी नव्हे. ती स्टोव्हवर भाजायची, विहिरीत पाय घसरून पडायची. सुमनताई वर्गात म्हणायच्या, “पाय घसरणाऱ्या बायांची नाटकं लिहा.” त्यातल्याच एका वर्षी त्यांनी स्वतः एक लिहिलं, ‘सांडशी’ नावाचं. एकाच चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या सासू-सुनेचं, पोट धरून हसवणारं. अमरावतीत खेळ इतका रंगला की अकोल्याच्या एका महिला मंडळानं त्यांच्या हळदीकुंकवाला बोलावलं.

मी सुमनताईंना बजावून सांगितलं होतं, अमरावतीत वापरलेली पातळं अकोल्याला न्यायची नाहीत, अकोल्यासाठी मी वेगळं गाठोडं देते, चिंधीनं बांधलेलं. त्यांनी ते नेलंही. पण तालमीत नसीमच्या अंगावरचं जांभळं पातळ दिव्यात फार भडक दिसायला लागलं, म्हणून त्यांनी घरी राहिलेल्या सुतळीच्या गाठोड्यातून हिरवं काढलं. त्यांच्या दृष्टीनं रंग बदलला, एवढंच. मला सांगितलंही नाही. मी अकोल्याला पोचून विंगेत शिरले तेव्हा पडदा उघडला होता आणि नसीम ते हिरवं पातळ नेसून स्टेजच्या पुढच्या काठाशी तांदूळ निवडत बसली होती.

त्या पातळाचं मला आठवत होतं. पूर्णेकाठच्या एका गावात सासूनं सुनेची तीन-चार पातळं भांड्यावर काढली होती. सगळी नवीन. अशी पातळं कोणी देत नाही म्हणून मी विचारलं होतं, “पोरीचे नवे-नवे काहून देता व बाई?” सासू म्हणाली होती, “तिले आता लागत नाई.” सून मागं दारात उभी होती, हातात सूप धरून. हिरवं पातळ माझ्या गाठोड्यात गेलं तेव्हा फक्त तिनं तिकडे बघितलं. मला वाटलं, घरात भांडण झालं असेल, सासू राग काढून राहिली. पुढे त्या वाटेनं माझं जाणं झालं नाही.

खेळ सुरू होता, लोक हसत होते. दुसऱ्या रांगेतून एक बाई उठली. रिकामं कपाळ, पायांत चपला नाहीत. पायऱ्या चढून ती सरळ स्टेजवर गेली. लोकांना वाटलं नाटकातलीच आहे, ते आणखी हसले. ती नसीमच्या पायाशी बसली, पातळाचा काठ हातात घेतला आणि आतून उलटा केला. हिरव्या पातळाचा फॉल लाल दोऱ्यानं शिवला होता.

“हे माह्या हातचं व्हय,” ती म्हणाली. मोठ्यानं नाही, स्वतःशीच. “हिरवा दोरा सरला होता. म्हटलं, आतून कोन पाहाते...”

नसीमला काही सुचेना. विंगेतून सुमनताईंनी सवयीनं पुढचं वाक्य एकदा हळूच दिलं. मग त्याही थांबल्या.

“हे तर जळलं म्हने,” ती बाई म्हणाली. “मी मांगाले गेली होती. म्हटलं, लेकीचं दिवायीचं पातळ तरी द्या मले. तं सासू म्हने, तेच होतं अंगावर. तिच्यासंगच जळलं.” मग तिनं वर नसीमकडे पाहिलं. “तुमाले कोनं देल्लं व माय?”

नाट्यगृहात आता कोणी हसत नव्हतं. आईचे दोन्ही नियम माझ्या डोक्यात होते. एक तर मोडलाच होता. दुसरा मी मोडला. विंगेतून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की पातळ मी घेतलं, अमुक गावातून, अमुक घरातून, आणि घेताना सासू काय म्हणाली. “तिले आता लागत नाई, असं म्हणाली ती. तुमची पोरगी तेव्हा दारात उभी होती. जिती होती.”

ती बाई रडली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली, जणू आणखी काही उरलं असेल तर तेही सांग. माझ्याकडे आणखी काही नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. मी ठाण्यात जाऊन तेच सांगितलं. ते पातळ कागदात गुंडाळून जमा झालं. कोर्टातही मी तेच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. समोरच्या वकिलानं विचारलं, तुम्ही रोज किती पातळं घेता, ती सगळी आठवतात का, भांडेवाल्या बाईच्या बोलण्यावर एखाद्याचं घर उठवायचं का. सासरचे सगळे सुटले. त्या पट्ट्यातली सगळी दारं मला बंद झाली. “ही घरातलं बाहेर सांगते,” लोक म्हणायचे. आईनं आयुष्य घालून जमवलेली गिऱ्हाइकी गेली. मी भांड्यांची पाटी उतरवली, अमरावतीत कपडे भाड्यानं द्यायचं हे दुकान टाकलं आणि ते उभं केलं, कोणाच्या उपकाराशिवाय. हे मी अभिमानानं सांगते. ज्याला टोचेल त्याला टोचो.

आणि मग सुमनताईंनी त्यावर नाटक लिहिलं. ‘लाल दोरा’.

पहिलं वाचन झालं त्याच वर्गात, रविवारी. मला मुद्दाम बोलावलं होतं. नाटकात बोहारीण होती, आई होती, पातळ होतं. बोहारणीच्या तोंडी माझी बोली, माझ्या शिव्या, भाव करताना हात कमरेवर ठेवायची माझी सवय. बाया माझ्याकडे बघून हसत होत्या आणि मीही हसत होते. मग शेवट आला. आई विचारते, “देतानी काय म्हनाल्या व त्या?” आणि बोहारीण... गप्प. नुसती उभी. तिथंच नाटक संपतं.

मी उठले. “आणि पुढचं पान?”

“पुढचं नाही,” सुमनताई म्हणाल्या.

“नाही म्हणजे? मी बोलले होते ना. तुमच्या विंगेतून बाहेर येऊन बोलले होते. माझा धंदा बसला त्यापायी, आणि नाटकात मी मुकी?”

बाया खाली बघायला लागल्या. सुमनताईंनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. त्यांचं म्हणणं मी इथं प्रामाणिकपणे लिहिते, कारण त्या आता उत्तर द्यायला नाहीत. त्या म्हणाल्या, “कमल, तू बोललीस तेव्हा नाट्यगृह भरलेलं होतं. सगळ्यांनी ऐकलं. सगळ्या रडल्या. कोर्टात त्यातली एक तरी आली का, ‘आमच्यासमोर हे झालं’ म्हणून सांगायला? मीसुद्धा रजा टाकून एकदाच आले. बोहारीण बोलली की लोकांना वाटतं काम झालं. टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. मला त्यांना घरी जाऊ द्यायचं नाही.”

“लोकांची शिक्षा मले काहून?” मी म्हटलं. रागावले की माझी बोली बदलते.

दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालणाऱ्या बाईला तेव्हा एक शब्द सापडला नाही. मग म्हणाल्या, “तू एकदा खेळ बघ. बघून मग भांड. तुझं पटलं तर बदलीन.”

“आधी बदला, मग बघते,” मी म्हटलं.

आमचा सौदा तिथंच अडला. त्यांनी बदललं नाही, मी बघितलं नाही. ‘लाल दोरा’चे खेळ अमरावतीत झाले, अकोल्यात झाले, चिखलदऱ्याच्या शिबिरातही झाले. प्रत्येक खेळाचं गाठोडं मी दिलं, पूर्ण भाड्यानं, एक पैसा सोडला नाही. पोचवायचं आणि पडदा उघडण्याआधी निघायचं. सुमनताई दुकानात येत राहिल्या, स्टुलावर बसत राहिल्या, माझ्या गिऱ्हाइकांना भाव सांगत राहिल्या. चहा पिताना मध्येच म्हणायच्या, “बघितलंस?” मी म्हणायचे, “बदललं?” मग दोघी हसायचो. पण माझं हसणं वरवरचं असायचं हे त्यांना कळत होतं. माझ्या पोटात ते तसंच होतं. मी गेल्यावर कोणी विचारलं, त्या बोहारणीचं काय झालं, तर लोक नाटक बघून सांगतील: ती गप्प राहिली. पोलिसांत लिहिलेलं कोण वाचतं? नाटक लोकांच्या लक्षात राहतं.

त्या गेल्यावर, दिवस झाल्यानंतर, त्यांची वहिनी दुकानात आली. हातात गाठोडं. “तुम्ही पूर्वी कपड्यांवर भांडी द्यायच्या ना? खोली रिकामी करून राहिलो. घेता का?”

मी गाठोडं उघडलं. सुती पातळं, बहुतेक फिक्या रंगांची, प्रत्येकाच्या कमरेपाशी निळा डाग. तालमीत लिहिता लिहिता उठायच्या तेव्हा उघडं पेन कमरेला खोचायची सवय होती त्यांना. मी किती वेळा सांगितलं, पातळाची किंमत जाते. मी विचारलं, “घरात ठेवत नाही एखादं?”

“ठेवून काय करू?” वहिनी म्हणाली. “त्यांना आता कुठं लागतात?”

ती भली बाई आहे. तिच्या मनात काही नव्हतं. पण माझे हात थांबले ते थांबलेच. दुकानात दुपारचं ऊन होतं, समोर रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या, आणि मला दारात कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. सूप धरून. मी मान वर केली नाही.

वहिनीला एक मोठं पातेलं हवं होतं. माझ्याकडे विकायला आता भांडी नसतात; घरातलं सगळ्यात मोठं, झाकणासकट आणून दिलं. भाव केला नाही. त्यानं ती उलट घाबरली. “एवढं देता म्हणजे यातलं एखादं भारी असेल,” असं म्हणून तिनं गाठोड्यातलं एकमेव रेशमी पातळ परत काढून घेतलं आणि पातेलंही नेलं. सुमनताई असत्या तर स्टुलावरून पडल्या असत्या हसून.

राहिलेल्या पातळांचं काय करायचं ते नियमानं ठरलेलंच होतं. अमरावतीचं अकोल्यात. आणि अकोल्याला जायचंच होतं, कारण नसीमनं त्यांच्या आठवणीत तिथं दुपारचे खेळ ठेवले होते. रविवारच्या वर्गातल्या बायांची तीन नवीन नाटकं आणि शेवटी ‘लाल दोरा’. मी गाठोडं चिंधीनं बांधलं, बसमध्ये मांडीवर घेतलं आणि निघाले. ठरवलं होतं, दोन्ही गाठोडी द्यायची, नाटकाच्या कपड्यांचं नाटकवाल्यांना आणि हे जुन्या ओळखीच्या विक्रेतीला, आणि लगेच परत फिरायचं.

पण पहिल्या नाटकानं मला धरून ठेवलं. धारणीकडच्या एका नर्सनं लिहिलेलं. बाळंतिणीला घेऊन जाणारी जीप रस्त्यात बंद पडते आणि आत बसलेल्या चार बाया एकमेकींना शिव्या देत देत बाळंतपण करतात. मी इतकी हसले की बाजूची बाई माझ्याकडे बघायला लागली. दुसऱ्या नाटकात सून सासूच्या नावानं पेपरात जाहिरात देते, तिसऱ्यात एक विधवा हळदीकुंकवाला आलेल्या पाहुण्यांना कुंकू लावू देत नाही, म्हणते, आधी हिशेबाचं बोलू. हे सगळं सुमनताईंनी पेरलेलं. त्या बाया लिहीत होत्या, स्टेजवर येत होत्या, आणि विंगेत त्यांचं स्टूल रिकामं ठेवलेलं मला माझ्या जागेवरून दिसत होतं. नसीमनं मुद्दाम ठेवलं होतं. त्या दिवशी प्रॉम्प्टर नव्हता. नट्या अडखळल्या तर अडखळल्या.

‘लाल दोरा’ सुरू झालं तेव्हा मी उठले नाही. का ते मला सांगता येत नाही. बोहारीण नसीमच होती. आता तिचेही केस पिकले आहेत. माझ्यासारखी कमरेवर हात ठेवून भांडत होती. मग आईचं काम करणाऱ्या मुलीनं फॉल उलटा केला आणि विचारलं, “देतानी काय म्हनाल्या व त्या?”

नसीम गप्प राहिली.

मी इतकी वर्षं समजत होते की तिथं अंधार होतो, पडदा पडतो. तसं नव्हतं. दिवे तसेच राहिले. नसीम आईकडे पाठ करून हळूहळू वळली आणि प्रेक्षकांकडे बघू लागली, एकेका रांगेकडे. नाटकातलं हिरवं पातळ तिनं दोन्ही हातांवर आमच्यासमोर धरलं होतं. कोणी घ्यावं म्हणून, किंवा कोणी ओळखावं म्हणून. पंख्यांचा आवाज येत होता. कोणी खोकललं. नसीम बघतच होती. सुमनताईंनी ही जागा आमच्यासाठी सोडली होती, आणि मला नुसतं बघायला ये म्हणत राहिल्या, सांगत मात्र नव्हत्या. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

मी विंगेकडे कान लावून बसले होते. मला माहीत होतं तिथून काही येणार नाही. तरी मी वाट बघितली... ज्या बाईला कोणाचं अडखळणं बघवत नसे ती एवढा वेळ गप्प कशी राहील? स्टूल रिकामंच होतं.

मग मी उभी राहिले. “तिले आता लागत नाई, असं म्हणाली ती,” मी म्हटलं. “पोरगी दारात उभी होती. जिती होती.”

आईचं काम करणाऱ्या मुलीला हे अपेक्षित नव्हतं. ती दचकून खाली बघू लागली. “कोन बोललं?”

“मी. कमल. ज्या बाईनं ते पातळ घेतलं ती.”

टाळ्या वाजल्या नाहीत. पडदा कोणी पाडला नाही. बाया बसून राहिल्या, आणि बराच वेळ कोणी चपला शोधायला वाकलं नाही.

नंतर विंगेत नसीमनं विचारलं, “ताई, हे वाक्य संहितेत घालू?” मी म्हटलं, “घाल. पण नाटक त्यांचं आणि ते वाक्य माझं. खाली माझं नाव पाहिजे.” नसीम म्हणाली, “सुमनताईंना विचारल्याशिवाय...” आणि तिथंच थांबली. आम्ही दोघी त्या स्टुलाकडे बघत उभ्या राहिलो. सौदा दोघींचा होता. माझ्या बाजूनं मी एक पाऊल पुढं आले, खेळ बघितला. आता त्यांनी बदलायचं होतं. अजून ते वाक्य कागदावर आलेलं नाही. नसीम म्हणते, दर खेळाला तुम्हीच येऊन बोला. फुकटात, अर्थातच. सुमनताईंना भाव करता येत नव्हता असं मी वर लिहिलं आहे, ते आता मला तितकंसं खरं वाटत नाही.

त्यांच्या पातळांचं गाठोडं मी अकोल्यात दिलं नाही. तसंच मांडीवर घेऊन परत आले. बाकीची कपाटात आहेत, एक राखाडी, कमरेला निळा डाग असलेलं, दुकानात स्टुलावरच्या खुंटीला टांगलं आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हे भाड्यानं आहे का. मी भाड्याचं नाही, विकायचंच आहे असं सांगते, आणि असा भाव सांगते की ऐकणारी बाई आधी माझ्याकडे बघते, मग त्या जुन्या सुती पातळाकडे, आणि गप्प होते. मग मीही गप्प राहते. स्टुलाकडे बघत नाही. थोडा वेळ थांबते, कोणीतरी म्हणेल म्हणून... अहो, थोडं कमी करा म्हणा की त्यांना.